दीड फुफ्फुस आणि लाल शाई

२९ मार्च २०२०

चि. वकीलबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (नेहमीचेच आहेत, फक्त या खेपेला साबणाने धुऊन पाठवतो.)

तुझ्या हुकमाप्रमाणे मी माडीवर आणि तुझी मामी खाली, याला आज दहा दिवस झाले. ताट ती जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवते आणि कठड्यावर काठी आपटते. चाळीस वर्षं कारखान्यांत हवा खेळवणाऱ्या ब्लोअरच्या शेजारी उभं राहून माझे कान कामातून गेलेत, त्यामुळे आवाज येत नाही. पण लाकडाची थरथर खाटेपर्यंत पोचते आणि मी उठतो.

फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही, आणि मामी सांगते ते सगळं तूच बोललेलं असतं याची खात्री नाही. परवा म्हणे तू सांगितलंस की मामांनी मामीशी वाद घालू नये. तेव्हा आपलं पत्रच बरं. सातव्या वर्षापासून आमच्या घरात वाढलीस, डॉक्टर झालीस, पण प्रत्येक गोष्टीवर उलट बोलायची खोड काही गेली नाही, म्हणून तुला मी अजून वकीलबाईच म्हणणार.

आता मुद्द्याचं. डाव्या बाजूचं अर्धं फुफ्फुस ऑपरेशनमध्ये गेलं, हे तुला माहीत आहे. राहिलं दीड, त्यातही हवेच्या डक्टमधली धूळ भरलेली. या आजाराने मला गाठलं, तर मी वाचत नाही. हे निळ्या शाईत, तारीख घालून लिहितोय. उगाच गोड बोलून मला समजावू नकोस.

आणि तुझ्या आजीचा नियम विसरू नकोस. जो चुकेल त्याने पुढच्या पत्राच्या माथ्यावर लाल शाईत लिहायचं, काय चुकलं आणि कधी. तुझ्या लाल ओळी मोजायला वही लागेल. माझा लाल पेन मात्र न वापरता वाळून गेलाय, हे अभिमानाने कळवतो.

लोभ कर, पण लांबून कर.

तुझा,
मामा


८ एप्रिल २०२०

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून मगच उघडलं. तुम्हीही तसंच करायचं. मामीकडे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे ना, त्यात पत्र टाकायचं, झाकण लावायचं, वर तारीख लिहायची. चौथ्या दिवशी उघडायचं. हात धुवायचे. वाद घालायचा नाही (हे खरंच मी सांगतेय).

तुम्ही स्पष्ट लिहिलंत, मीही स्पष्ट लिहिते. आमचा चोवीस खाटांचा वॉर्ड भरलाय आणि आम्हाला फारसं काही कळत नाही. सिस्टरांच्या टेबलामागे भिंतीवर उपचारांचा एक कागद लावलाय. मलेरियाची गोळी द्या, स्टेरॉइड देऊ नका, ऑक्सिजन उतरला की थांबू नका, लगेच व्हेंटिलेटर लावा. आठवड्यात तो कागद तीनदा बदलला.

परवा एक शिंपी आला. खाटेवर बसून मोठ्या सिस्टरांच्या एप्रनची शिवण कशी चुकलीय ते समजावून सांगत होता, हसत होता. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन बहात्तर. इतक्या कमी ऑक्सिजनवर माणूस बोलूच कसा शकतो, हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. कागदाप्रमाणे व्हेंटिलेटरची नळी घातली. तो परत उठला नाही. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खूप रडले, मामा. आपण केलं ते बरोबर होतं की नाही, हे सुद्धा कळत नाही, याचं रडू जास्त होतं.

तुमचं ते ‘मी वाचत नाही’चं वाक्य मी कात्रीने कापून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. रोज गाउन चढवताना वाचते. मला ते खोटं पाडायचंय. तुम्ही फक्त वेळ काढा. माडीवरून उतरू नका. आम्ही शिकतोय, आम्हाला थोडी मुदत मिळवून द्या.

लोभ आहेच, तो डब्यात ठेवायची गरज नाही.

तुमची,
वकीलबाई


२५ एप्रिल २०२०

चि. वकीलबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस तुरुंगात घालून आज सोडवलं. मामी त्या डब्याकडे अशी बघते, जणू आत साप आहे.

शिंप्याचं वाचून वाईट वाटलं. पण मला एक सांग. हा आजार थेंबांतून येतो, थेंब सहा फुटांवर खाली पडतात, म्हणून सहा फूट लांब राहा, असं तुम्ही लोक म्हणता. हे मोजलं कोणी? मी फर्निचरच्या कारखान्यात डक्ट बसवत होतो, तेव्हा वॉर्निश लागायचं एका कोपऱ्यात आणि डोकं दुखायचं दुसऱ्या टोकाच्या हिशेबनिसाचं. नाट्यगृहात पहिल्या रांगेत कोणी विडी ओढली की शेवटच्या रांगेतला खोकायचा. बंद खोलीतली हवा सगळ्यांची मिळून एकच असते गं. माणसाच्या तोंडातून निघालेलं सगळंच काही दगडासारखं खाली पडत नाही.

मी अडाणी मिस्त्री आहे, तू शिकलेली. पण हवा हा माझा धंदा आहे.

मुदत काढतोय. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे चार पंखे मोजतो, चारही चुकीच्या बाजूला बसवलेत.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

मामा


२४ जून २०२०

(लाल शाईत) ८ एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं, मलेरियाची गोळी द्यावी. चुकले. फायदा नाही.
(लाल शाईत) त्याच पत्रात, स्टेरॉइड देऊ नये. चुकले. ऑक्सिजन लागतोय त्यांना द्यावं.
(लाल शाईत) त्याच पत्रात, ऑक्सिजन उतरला की लगेच नळी. चुकले. आधी पालथं झोपवावं.

ती. स्व. मामांस,
साष्टांग नमस्कार. एवढ्या लाल ओळी लिहून मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं!

सगळं सविस्तर लिहिते. हजारो रोग्यांच्या नावांच्या जणू चिठ्ठ्या टाकून, काहींना औषध दिलं आणि काहींना नाही, मग कोण जगलं ते मोजलं. मोजल्यावर कळलं, की मलेरियाच्या गोळीवर आपण उगाच विसंबलो होतो. आणि ज्या स्टेरॉइडला आम्ही घाबरत होतो, त्याने व्हेंटिलेटरवरच्या माणसांचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. जुनं, साधं औषध, मामा! आमच्या वॉर्डातल्या कपाटात खालच्या फळीवर कायम पडलेलं असायचं. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र देऊ नये, तिथे उपयोग नाही. शेवटी शेवटी या आजारात शरीरच स्वतःच्या फुफ्फुसावर चिडून उठतं, त्या चिडण्याला हे शांत करतं. रक्ताच्या गुठळ्या होतात हेही कळलं, म्हणून पोटात बारीक इंजेक्शनं देतो.

गेल्या आठवड्यात एक बस चालवणारी बाई आली, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. तिला नळी नाही घातली. दिवसाचे बारा तास पालथं झोपवलं, वर ऑक्सिजन, स्टेरॉइड. ती वैतागून म्हणाली की लहानपणी अशी झोपले की आई मारायची. आज ती चालत घरी गेली. दारापर्यंत आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, आणि मोठ्या सिस्टर, ज्यांना मी पाच वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, त्या शिट्टी वाजवत होत्या.

तुमच्या हवेबद्दल मात्र माझं मत तेच आहे. थेंब जड असतात, खाली पडतात, हे भल्याभल्यांनी सांगितलंय. वॉर्डात आम्ही मास्क, चष्मा, गाउन सगळं घालतो. चहाच्या खोलीत तेवढे पाच-सहाजण मास्क काढून दहा मिनिटं बसतो, तेही हात कोपरापर्यंत धुऊन. तेवढं तरी सुख असू द्या.

लोभ वाढवा, मी आज लायक आहे.

तुमची,
वकीलबाई


१ जुलै २०२०

चि. वकीलबाईस,

आशीर्वाद नंतर. आधी हे कर. चहाच्या खोलीला खिडकी आहे का? असेल तर उघड. नसेल तर चहा बाहेर प्या. तुम्हाला धोका वॉर्डात नाही, तिथे तुम्ही झाकलेले असता. धोका त्या खोलीत आहे.

माझ्यावर विश्वास नसेल तर सुती दोरा घे, टोक पेटव, विझव आणि धूर बघ. खोलीच्या मधोमध टेबलावर धर. धूर वाहत एका बाजूला गेला तर ठीक. जागच्या जागी लोंबकळत राहिला तर त्या खोलीत कोणी बसायचं नाही.

हे पत्र डब्यात ठेवू नकोस.

मामा

 


३० जुलै २०२०

(लाल शाईत) ८ एप्रिल, कागदापासून धोका. चुकले.
(लाल शाईत) २४ जून, हवेपासून धोका नाही. फार मोठी चूक.

ती. स्व. मामांस,
सा. न.

अक्षर वाकडं आहे, कारण उशीवर वही ठेवून लिहितेय. मामीला मी फोनवर साधा ताप आहे म्हणून सांगितलं होतं. तो साधा नव्हता. आता बरी आहे, हे आधी वाचा आणि मग पुढे वाचा.

तुमचं पत्र चार तारखेला आलं. मी नियमाने ते पिशवीत टाकलं, वर तारीख लिहिली. सात तारखेला उघडलं, तेव्हा ‘डब्यात ठेवू नकोस’ ही आतली ओळ वाचली. त्या तीन दिवसांत आम्ही सहाजण त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती चहा पीत होतो आणि एकमेकांना हात धुतले का विचारत होतो. नऊ तारखेला मला ताप आला. त्याच आठवड्यात आणखी चौघांना. ज्या कागदाला मी धोका समजून कोंडून ठेवलं, त्याच्यातच धोक्याची सूचना होती. यावर हसावं की रडावं कळत नाही, म्हणून दोन्ही केलं.

आठव्या दिवशी ऑक्सिजन उतरला. माझ्याच वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर, आता मीच पालथी. ती बस चालवणारी बाई खरं बोलत होती, फार कंटाळा येतो. स्टेरॉइड, पोटातली इंजेक्शनं, ऑक्सिजन. एप्रिलमध्ये आजारी पडले असते तर हे काहीच मिळालं नसतं. मलेरियाची गोळी आणि नळी मिळाली असती. तो शिंपी सारखा डोळ्यांपुढे येत होता. पाचव्या दिवशी ऑक्सिजन काढला. पाचहीजण घरी गेलो.

मोठ्या सिस्टर वाचल्या, त्या चहा पीत नाहीत. त्यांनी तुमचा दोरा पेटवला. म्हणतात, धूर टेबलावर तसाच लोंबकळत होता, जाता जाईना. खिडकीला तीनदा रंग देऊन ती चिकटून गेली होती. सुतार बोलावून उघडली. आता भिंतीवरच्या उपचारांच्या कागदाच्या शेवटी एक ओळ आहे, ‘खिडक्या उघड्या’, आणि कंसात ‘मामा’ असं लिहिलंय. नवे डॉक्टर विचारतात, हा मामा कोणत्या हॉस्पिटलचा.

तुमच्या लोभावरच उठून बसलेय.

वकीलबाई


८ ऑगस्ट २०२०

चि. वकीलबाईस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र जिन्यातच फोडलं. डबा मी आता स्क्रू ठेवायला घेतलाय.

मला वाटायचं, तू एकदा हवेबद्दल लाल शाईत लिहिलंस की मी नाचेन. नाही नाचलो. पत्र हातात घेऊन पायरीवर बसून राहिलो. मामीने खालून हातवारे करून विचारलं काय झालं, मी न पाहिल्याचं सोंग केलं. मग ती तोंडाला फडकं बांधून सातव्या पायरीपर्यंत आली, आपण सहाव्या पायरीवर बसली, पत्र वाचलं, आणि आम्ही दोघं खिडकी उघडी ठेवून रडलो.

पुन्हा आजारपण लपवलंस तर मी तिकडे येईन, दीड फुफ्फुस घेऊन.

रागावलेला, तरी लोभी,
मामा


२ एप्रिल २०२१

(लाल शाईत) फोनवर मामीला म्हणाले होते की बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा दिला की काम होईल. चुकले. मोजून पाहिलं, उपयोग नाही.

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला दंडाला धरून लशीला नेल्याची मामीने बातमी दिली. वर्षभराने जिना उतरलात, आणि पहिलं काय केलंत तर लस देणाऱ्या मुलीला एक्झॉस्ट फॅन उलटा बसवलाय हे ऐकवलंत. तुम्हाला रात्रभर कणकण आली आणि मामीला काहीच झालं नाही, यात तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही, पण तिला तसं सांगू नका.

इकडे पुन्हा गर्दी आहे. नवीन रूप आलंय विषाणूचं, फार वेगाने पसरतं. लोक जातात, मामा, अजूनही जातात. पण आता मला कळतं की कोणाला काय द्यायचं, कधी द्यायचं, कधी हात आवरायचा. स्टेरॉइडनेही शरीराचं चिडणं थांबलं नाही, तर आणखी एक इंजेक्शन हाताशी आहे. आणि लशीचे दोन्ही डोस घेतलेले आमच्याकडे फार थोडे येतात. आले तरी बहुतेक चालत परत जातात. हे वाक्य मी पाच वेळा लिहू शकेन.

तुमच्या त्या वाक्याची कापलेली पट्टी अजून कपाटावर आहे. कोपरे सुटलेत. दुसरा डोस चुकवू नका.

लोभाचा तिसरा डोसही चालेल.

वकीलबाई


१७ सप्टेंबर २०२२

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. तुमची तपासणी पॉझिटिव्ह आहे, हे तिने इतक्या हळू सांगितलं, की मला वाटलं माझेही कान तुमच्यासारखे कामातून गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अडीच वर्षं मी याच फोनला घाबरत होते.

मग आतापर्यंत शिकलेलं सगळं आठवलं. लशीचे तीन डोस झालेत. तापाचा दुसरा दिवस आहे. आता विषाणूवरच चालणाऱ्या गोळ्या आहेत, पाच दिवसांच्या आत सुरू केल्या तर काम करतात. त्या तुम्हाला आज संध्याकाळपर्यंत तिथल्या डॉक्टरांकडून मिळतील, मी बोललेय. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. कोलेस्टेरॉलची गोळी तोवर बंद, ती यांच्याशी जमवून घेत नाही. तोंड कडू होईल, त्याचं खापर मामीच्या स्वयंपाकावर फोडू नका. ऑक्सिजन दिवसातून चारदा बघायचा, आणि आकडा मामीने वाचायचा, कारण तुम्ही दोन वाढवून सांगाल. त्र्याण्णवच्या खाली गेला की मी येते. स्टेरॉइड नाही, कारण ऑक्सिजन लागत नाहीये. हे तुम्ही विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

हे सगळं मामीला फोनवर सांगितलंच आहे. पण तुम्हाला मी बोललेलं मीच बोललेय याची खात्री हवी असते, म्हणून लिहितेय.

सोबत तुमची पट्टी परत पाठवतेय. कपाटावरून आज काढली. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मला ती आता तिथे नकोय.

तुमच्या लोभावर माझा कायमचा हक्क आहे, विसरू नका.

तुमची,
वकीलबाई


२ ऑक्टोबर २०२२

चि. वकीलबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्राच्या माथ्यावर चार बोटं जागा कोरी सोडलीय. कारण पुढे कळेल.

मामीने तुला आकडे कळवलेच असतील. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. तीन दिवस अंग ठेचल्यासारखं दुखलं, तोंड असं कडू झालं की जीभ काढून ठेवावीशी वाटली. या वेळी मामीने मला माडीवर पाठवलं नाही. मास्क लावला, दोन्ही खिडक्या उघडल्या, माझी खाट अशी लावली की वारा माझ्याकडून बाहेर जाईल, तिच्याकडे येणार नाही. दोरा पेटवून खात्रीही केली. चाळीस वर्षांत माझ्या धंद्यातलं एक अक्षर तिच्या कानात गेलं नाही असं मी समजत होतो. तिला आजार झाला नाही.

आठव्या दिवशी मी जेवणावर टीका केली, तेव्हा ती म्हणाली की आता हा माणूस बरा झाला.

थकवा अजून आहे. दुपारी दोन तास झोपतो. हाही या आजाराचा भाग आहे, कोणाकोणाला तो महिनोन्महिने राहतो आणि त्याचं औषध अजून नीट सापडलं नाही, असं तू मामीला म्हणालीस. सापडेल. मी आहे, वाट बघतो. मुदत काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तुझी पट्टी आली. अक्षर माझंच. गोंदाने पिवळी पडलीय, टाचणीची चार भोकं आहेत, म्हणजे तू ती पुन्हा पुन्हा लावलीस. त्या शिंप्याचा विचार आला. त्याला मुदत मिळाली नाही, मला मिळाली. त्याच्यानंतर तुम्ही जे शिकलात, त्यावर मी बसून हे लिहितोय. मला तो भेटला असता तर त्याच्या पाया पडलो असतो.

तर, पट्टी समोर ठेवली आणि लाल पेन काढला. वाळलेला. फुंकर मारली, कागदावर खरडला, गरम पाण्यात धरला. नाही म्हणजे नाही. मामी म्हणाली, ती आणून देते. मी नको म्हटलं. चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानात गेलो. तीनदा थांबलो, दोनदा उगाच, कारण हवा छान होती. दुकानदार म्हणाला, बऱ्याच दिवसांनी. मी त्याला काय म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही, पण तो हसला.

आता घरी येऊन बसलोय. मामी खांद्यावरून बघतेय, मी तारीख बरोबर घालतो की नाही ते. माथ्यावरच्या जागेत लिहून झालं. तू आधी तेच वाचलं असशील, तरी हातात नवा पेन आहे, म्हणून खाली पुन्हा लिहितो.

(लाल शाईत) २९ मार्च २०२० च्या पत्रात मी लिहिलं होतं, की या आजाराने मला गाठलं तर मी वाचत नाही. मी चुकलो.

तुझा,
मामा